अंग बाहेर येण्यावरचे उपचार : माझा अनुभव

गर्भाशयाची पिशवी काढून टाकली की सगळा प्रश्न मिटेल, हा मला मिळालेला पहिला वैद्यकीय सल्ला होता आणि तो तपासणीच्या टेबलावर न झोपताच मिळाला होता. दुपारपासूनच ओटीपोटात जडपणा येई, अंघोळीच्या वेळी योनीमार्गाच्या तोंडाशी मऊ गोळ्यासारखे काही हाताला लागे, शिंक आली किंवा ठसका लागला की लघवीचे थेंब गळत आणि कधीकधी लघवीची अशी घाई लागे की बाथरूमपर्यंत पोहोचण्याचीही शाश्वती नसे. या चारही तक्रारींवर मिळून एकच शस्त्रक्रिया सुचवण्यात आली होती. समाधान न झाल्याने मी युरोगायनेकॉलॉजिस्टकडे, म्हणजे स्त्रियांच्या ओटीपोटाच्या तळाचे आणि मूत्रमार्गाचे विकार पाहणाऱ्या तज्ज्ञांकडे गेले. तेथून पुढे जे घडले ते अंग बाहेर येणे, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीमार्गात खाली उतरणे, या दुखण्याने त्रस्त असलेल्या आणि त्याविषयी बोलायला संकोचणाऱ्या स्त्रियांना उपयोगी पडेल, असे वाटल्याने लिहीत आहे.

नव्या डॉक्टरांनी तपासणीआधी मला एक प्रश्नावली भरायला दिली. गळती होते का, एवढे विचारून ती थांबत नव्हती. गळतीमुळे रोजच्या जगण्यात किती अडचण येते, हे शून्य ते दहा या आकड्यांत सांगायचे होते. शौचाला जोर करावा लागतो का, पोट साफ होण्यासाठी योनीमार्गात बोट दाबून धरावे लागते का, वारा किंवा शौच आवरत नाही असे होते का, संबंधांच्या वेळी दुखते का, असे प्रश्नही होते. हे मला तोपर्यंत कोणीही विचारले नव्हते. ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना आधार देणारे स्नायू एकच असल्यामुळे एका बाजूची तक्रार घेऊन आलेल्या बाईला दुसऱ्या बाजूचे प्रश्न विचारावेच लागतात, हे मला नंतर कळले.

सोबत तीन दिवसांची लघवीची नोंदवही मिळाली. प्रत्येक वेळी मोजपात्रात लघवी करायची, वेळ आणि मिलिलिटर लिहायचे, काय व किती प्यायले ते लिहायचे, गळती झाली तर त्या क्षणी आपण काय करत होतो ते लिहायचे. काम कंटाळवाणे आहे. घराबाहेर असताना तर फारच अवघड. परंतु सगळ्या तपासण्यांमध्ये मला सर्वांत जास्त शिकवले ते या कागदाने. गळतीच्या रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी उमटल्या होत्या. शिंक, खोकला, जड पिशवी उचलणे अशा नोंदींपुढे ‘थोडे थेंब’ असे लिहिले होते आणि घराच्या कुलपाला किल्ली लावताना, नळाचे पाणी सोडताना अशा नोंदींपुढे ‘जास्त’. पहिल्या प्रकारात पोटातला दाब वाढतो आणि मूत्रमार्ग तो पेलू शकत नाही. दुसऱ्या प्रकारात मूत्राशय भरण्याआधीच आकुंचन पावू लागते. या दोहोंचे उपचार वेगळे आहेत आणि माझ्या बाबतीत दोन्ही एकत्र होते. मिलिलिटरच्या रकान्यात आणखी एक गोष्ट दिसली. मूत्राशयात साधारणपणे चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते, पण मी बहुतेक वेळा सव्वाशेच्या आसपास भरले की जात होते, कारण गळतीच्या धास्तीने आधीच जाऊन येण्याची सवय लागली होती.

लघवीत जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीने पाहिले गेले. मूत्राशयात आणि गुदाशयात बारीक नळ्या घालून दाब मोजण्याची तपासणी, जिला युरोडायनॅमिक्स म्हणतात, ती मात्र डॉक्टरांनी तेव्हा केली नाही. केवळ खोकल्या-शिंकेवर होणाऱ्या साध्या गळतीसाठी शस्त्रक्रिया करायची असली तरी त्या आधी ही तपासणी केल्याने निकाल सुधारत नाहीत, असे 2012 मध्ये अमेरिकेत 630 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत आढळले होते. माझी तक्रार मिश्र असल्याने पुढे शस्त्रक्रियेचा विचार झालाच तर ती करू, असे त्यांनी सांगितले. जी तपासणी निर्णय बदलणार नाही ती आज करायची नाही, ही भूमिका मला पटली.

प्रत्यक्ष तपासणीत आधी उभे राहून खोकायला सांगितले गेले आणि मग आडवे झाल्यावर शौचाला करतो तसा जोर करायला. सेंटिमीटरच्या खुणा असलेली बारीक पट्टी हातात घेऊन डॉक्टर आकडे सांगत होत्या आणि सहायक ते चौकटींच्या तक्त्यात लिहीत होत्या. 1996 पासून जगभर वापरात असलेल्या या पद्धतीत योनिपटलाची, म्हणजे योनीमार्गाच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याची, पातळी शून्य धरतात. त्याच्या आत असलेला बिंदू उणे आणि बाहेर आलेला बिंदू अधिक. नऊ मापे घेतली जातात आणि त्यांवरून शून्य ते चार अशी पायरी ठरते. माझी पुढची भिंत, म्हणजे मूत्राशयाच्या बाजूची, जोर केल्यावर अधिक एकवर येत होती. ही दुसरी पायरी. गर्भाशयाचे मुख मात्र उणे पाचवर, चांगले वर होते. जे अंग हाताला लागत होते ते गर्भाशय नव्हतेच; मूत्राशय योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीला ढकलत खाली आले होते. पिशवी काढून माझे काय साधले असते, हे त्या तक्त्याकडे पाहताना विचारायचीही गरज उरली नाही. गर्भाशय खाली उतरते तेव्हाही दोष बहुधा त्याला धरून ठेवणाऱ्या आधारांत असतो आणि ते आधार नीट न बांधता नुसती पिशवी काढली तर योनीमार्गाचा वरचा भागच पुढे खाली येऊ शकतो.

मी साहजिकच विचारले की अधिक एक म्हणजे वाईट का. डॉक्टर म्हणाल्या, “आकडा वाईट की बरा, हे तुम्हीच मला सांगायचं. अधिक एक असूनही काही जाणवत नाही अशा बायका येतात आणि शून्यावर असताना दिवसभर बेचैन असलेल्याही येतात.” तेव्हा हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटले, पण पुढे वाचत गेले तेव्हा ते या क्षेत्रातल्या संशोधनाचेच सार आहे असे दिसले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत 1,961 स्त्रियांपैकी जवळपास 24 टक्के स्त्रियांना ओटीपोटाच्या तळाचा किमान एक विकार होता. त्यात लघवीची गळती सुमारे 16 टक्के, शौचावरील ताबा सुटणे 9 टक्के आणि अंग बाहेर आल्याची जाणीव केवळ 3 टक्क्यांच्या आसपास होती. प्रत्यक्ष तपासणीत अंग थोडेबहुत खाली आलेले याहून कितीतरी जास्त स्त्रियांत दिसते. साधारणपणे ते योनिपटलाच्या पातळीला येईपर्यंत बाईला पत्ताही लागत नाही.

मला हे का झाले, याचे उत्तर स्नायूंच्या सोनोग्राफीत मिळाले. ओटीपोटाच्या तळाचा मुख्य स्नायू जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या बाजूच्या हाडाच्या, आतल्या बाजूला दोन्हीकडे चिकटलेला असतो. माझा उजवीकडचा भाग हाडापासून सुटलेला होता. माझे पहिले बाळंतपण चिमटे लावून झाले होते आणि चिमट्यांच्या बाळंतपणात ही इजा होण्याचा धोका जास्त असतो. बाळाचे डोके बाहेर येताना या स्नायूचा सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असे मिशिगन विद्यापीठातील जॉन डीलान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये संगणकीय प्रतिकृतीवरून दाखवले. त्याआधी 2003 मध्ये त्यांनीच एमआरआय करून पाहिले होते, तेव्हा पहिल्यांदाच योनीमार्गे बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी 20 टक्के स्त्रियांच्या या स्नायूत दोष आढळला होता आणि मूल न झालेल्या एकीच्याही आढळला नव्हता. बाळंतपणात विश्रांती कमी घेतली, लवकर कामाला लागलीस म्हणून हे झाले, असे मला वर्षानुवर्षे ऐकवले गेले होते. सुटलेला स्नायू पडद्यावर पाहिल्यावर त्या बोलण्याचा माझ्यापुरता निकाल लागला.

त्यानंतर फिजिओथेरपी सुरू झाली. या व्यायामांना ज्यांच्यावरून केगल असे नाव पडले त्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी ते 1948 मध्ये मांडले. त्यांनी आकुंचनाचा दाब दाखवणारे साधनही वापरले होते, कारण स्नायू नेमका आवळला जातो आहे की नाही हे बाईला स्वतःला समजणे कठीण असते. कागदावरची चित्रे पाहून व्यायाम करणाऱ्या बऱ्याच जणी प्रत्यक्षात पोट आवळतात, नितंब दाबतात किंवा खाली जोर करतात, आणि खाली जोर करणे म्हणजे हव्या त्याच्या नेमके उलट आहे. माझ्या फिजिओथेरपिस्टने हातमोजा घालून आतून बोटाने तपासले आणि माझी ताकद पाचपैकी दोन असल्याचे सांगितले. “ताई, श्वास रोखू नका. पोट सैल राहू दे. वारा सरू नये म्हणून आवरतो ना, तसं मागून सुरू करा, पुढपर्यंत आणा आणि मग आत, वर उचला,” असे ती म्हणत राही. पहिल्या भेटीत मला नुसते आवळणे जमले. वर उचलणे काही केल्या सापडेना. ते जमले ते पुढे एकदा कुशीवर झोपून करताना, आणि तिच्या बोटाला ते माझ्याआधी कळले. आवळण्याइतकेच पूर्ण सैल सोडण्यावरही तिचा भर होता. लघवी करताना धार मध्येच अडवून व्यायाम करू नये, हेही तिने बजावले.

किमान आठ आकुंचने, दिवसातून तीन वेळा, किमान तीन महिने, तेही देखरेखीखाली, असा ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतला कार्यक्रम आहे आणि माझाही साधारण तोच होता. त्यात एक छोटीशी युक्ती होती : शिंक किंवा खोकला येण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळून धरायचा. ताकद वाढायला महिने लागतात. ही युक्ती मात्र थोड्याच दिवसांत अंगवळणी पडली आणि थेंब गळणे लक्षणीय कमी झाले. पडद्यावर आलेख दाखवणारे बायोफीडबॅकचे यंत्र घरी हवे का, असे मी विचारले होते. 2020 मध्ये 600 स्त्रियांवरील चाचणीत नुसत्या व्यायामाच्या तुलनेत त्या यंत्राची भर घातल्याने दोन वर्षांनी काही जास्त लाभ दिसला नव्हता, असे सांगून फिजिओथेरपिस्टने त्यावर खर्च न करण्याचा सल्ला दिला. घाईच्या लघवीसाठी वेगळा कार्यक्रम होता : कॅफीन कमी करणे, घाई लागली की धावत न सुटता जागीच थांबून स्नायू भरभर आवळणे आणि दोन लघव्यांमधले अंतर हळूहळू वाढवत नेणे. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तो नेटाने पाळला तर गुण येतो, एवढेच.

अंग बाहेर येण्याचे काय? 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 447 स्त्रियांवरील चाचणीत एकास एक शिकवलेल्या व्यायामाने अंग बाहेर आल्याच्या तक्रारी कमी झाल्याचे दिसले होते. व्यायामाने सुटलेला स्नायू हाडाला पुन्हा चिकटत नाही, उरलेला भाग बळकट होतो, हे मला आधीच स्पष्ट सांगितले गेले होते. तीन महिन्यांनी ताकद पाचपैकी चारवर आली, जडपणा दुपारऐवजी संध्याकाळी येऊ लागला, पण गोळा हाताला लागतच होता. तेव्हा पेसरीचा विषय निघाला.

पेसरी म्हणजे योनीमार्गात बसवून खाली आलेल्या भागाला आतून आधार देणारे सिलिकॉनचे साधन. माझ्यासाठी कड्यासारखा प्रकार निवडला गेला. माप आधीपासून ठरलेले नसते, बसवून पाहूनच ते कळते. बसवल्यावर मला खोकायला, उकिडवे बसायला, चालून यायला आणि मुख्य म्हणजे लघवी करून यायला सांगितले गेले. लघवी होत नसेल तर माप मोठे समजायचे. पहिले कडे शौचालयातच निघून आले. त्यापुढचे बसले आणि अर्ध्या तासाने ते आत आहे हे मी विसरलेही. मासिक पाळी थांबून गेल्यामुळे योनीमार्गाची त्वचा पातळ झाली होती, म्हणून सोबत इस्ट्रोजेनचे क्रीम दिले गेले. कडे स्वतः काढून, धुऊन पुन्हा बसवायला मी शिकले. कडे दुमडताना ते बोटांतून सुळकन निसटते आणि बेसिनमध्ये जाऊन पडते. त्यावर हसता आले की शिकणे सोपे जाते.

मात्र गोळा वर गेला आणि खोकल्यावरची गळती परत आली. मी घाबरून विचारले तेव्हा डॉक्टरांना त्याचे अजिबात आश्चर्य वाटले नाही. मूत्राशय खाली लोंबत असताना मूत्रमार्ग मुडपला जातो आणि दुमडलेल्या पाइपातून पाणी थांबावे तशी गळती अडून राहते. मूत्राशय जागेवर गेले की मूत्रमार्ग सरळ होतो आणि झाकलेली गळती उघडी पडते. हेच शस्त्रक्रियेनंतरही होते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आधी गळती नसलेल्या 337 स्त्रियांवर योनीमार्गे अंग वर बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच वेळी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवली नव्हती त्या गटात वर्षभराने 43 टक्के स्त्रियांना गळती होती. पट्टी बसवलेल्या गटात 27 टक्के. पण पट्टीच्या गटात मूत्राशयाला छिद्र पडणे, जंतुसंसर्ग, लघवी पूर्ण न होणे हे प्रकार जास्त घडले. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी पेसरी लावून पाहिल्याचा हा एक अनपेक्षित फायदा झाला : शस्त्रक्रियेनंतर माझ्या वाट्याला काय येऊ शकते, याची रंगीत तालीम टाके न घालता झाली. मी व्यायामात पुन्हा जोर धरला आणि गळती बऱ्यापैकी आटोक्यात आली, पूर्ण थांबली नाही.

शस्त्रक्रियेविषयी सविस्तर चर्चा झाली ती यानंतर. मी जाळीविषयी, म्हणजे खाली आलेल्या भागाला आधार देण्यासाठी शरीरात बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या जाळीविषयी, विचारले, कारण त्याविषयी ऐकून होते. डॉक्टरांनी आधी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. मूत्रमार्गाखाली बसवायची अरुंद पट्टी, जी स्वीडनमधील उल्फ उल्मस्टेन यांच्या 1990च्या दशकातील कामातून पुढे आली. पोटातून जाऊन योनीमार्गाचा वरचा भाग माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधण्यासाठी वापरली जाणारी जाळी. आणि अंग वर ठेवण्यासाठी योनीमार्गातूनच भिंतीत बसवली जाणारी जाळी. तिसऱ्या प्रकारातील उत्पादने पुरेशा चाचण्यांविना बाजारात आली, जाळी भिंतीतून बाहेर येणे, चिवट वेदना, संबंध अशक्य होणे अशा तक्रारी साचत गेल्या आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये गंभीर इशारा दिल्यावर अखेर एप्रिल 2019 मध्ये त्यांची विक्री थांबवायला लावली. ब्रिटनमध्ये 2018 मध्ये जाळीच्या वापराला स्थगिती मिळाली, त्यात मूत्रमार्गाखालची पट्टीही आली, आणि 2020 मध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालाने स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकूनच घेतल्या गेल्या नाहीत, असा ठपका ठेवला. दरम्यान 2017 मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले होते की योनीमार्गाच्या भिंतीच्या दुरुस्तीत जाळी वापरल्याने पहिल्या दोन वर्षांत तक्रारी काही जास्त कमी होत नाहीत. ही चाचणी उत्पादने बाजारात येण्याआधी व्हायला हवी होती, असे मला वाटते. ते म्हणायला मी डॉक्टर असण्याची गरज नाही.

माझ्यासाठी सुचवलेली शस्त्रक्रिया जाळीविना, स्वतःच्याच ऊतींना टाके घालून पुढची भिंत बांधण्याची होती. स्नायू हाडापासून सुटलेला असल्यामुळे ती भिंत पुन्हा खाली येण्याची शक्यता माझ्या बाबतीत जास्त आहे, हे त्यांनी लपवले नाही. मग मी यशाचे प्रमाण विचारले आणि त्यावर त्यांनी दाखवलेला अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटला. 2009 मध्ये मॅथ्यू बार्बर आणि सहकाऱ्यांनी एकाच शस्त्रक्रियेचे, त्याच स्त्रियांचे निकाल यशाच्या 18 निरनिराळ्या व्याख्या लावून मोजले. व्याख्येप्रमाणे यशाचे प्रमाण 19 टक्क्यांपासून 97 टक्क्यांपर्यंत बदलले. मापे अगदी जागेवर हवीत अशी अट घातली की प्रमाण कोसळत होते, आणि बाईला स्वतःला बरे वाटण्याशी सर्वांत जास्त जुळत होते ते गोळा न जाणवणे. स्वतःच्या ऊतींनी वरचा भाग बांधण्याच्या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या अमेरिकन चाचणीत 2018 मध्ये पाच वर्षांचे निकाल आले, तेव्हा संशोधकांच्या कडक व्याख्येनुसार दोन्ही गटांत 60 ते 70 टक्के शस्त्रक्रिया अपयशी ठरल्या होत्या. तरी स्त्रियांच्या तक्रारी मात्र शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा कमीच राहिल्या होत्या.

हे कळल्यावर माझा प्रश्न बदलला. शस्त्रक्रियेने माझे माप कुठे येईल, याऐवजी मला आज काय करता येत नाही, ते मी लिहून काढले. जास्त वेळ उभे राहणे पेसरीने जमू लागले होते. चढ चढणे जमत होते. नाचता-धावताना गळती होत होती आणि प्रवासात कडे धुण्याची अडचण होती. नेदरलँड्समधील 440 स्त्रियांवरील 2022च्या चाचणीत दोन वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे 82 टक्के आणि पेसरीच्या गटात 76 टक्के स्त्रियांना चांगलीच सुधारणा वाटली होती, मात्र पेसरीने सुरुवात केलेल्या निम्म्याहून अधिक जणींनी त्या काळात शस्त्रक्रियेकडे वळणे पसंत केले होते. मी दोन्ही आकडे लक्षात ठेवले आणि सध्या पेसरीवर थांबले. शस्त्रक्रिया नाकारलेली नाही; ती केली तर आधी युरोडायनॅमिक्स करायचे आणि मूत्रमार्गाखालच्या पट्टीचा निर्णय त्यानंतर स्वतंत्रपणे घ्यायचा, असे आमचे ठरले आहे.

सध्याचा क्रम साधा आहे. रात्री कडे काढून साध्या साबण-पाण्याने धुते, सकाळी बसवते. व्यायाम चालू आहेत. बद्धकोष्ठ होऊ देत नाही, कारण रोज जोर करण्याने तळावर येणारा ताण कोणतेही कडे पेलत नाही. दर तपासणीच्या वेळी डॉक्टर आतल्या भिंतीला जखम झाली नाही ना ते पाहतात आणि मी सुरुवातीचीच प्रश्नावली पुन्हा भरते. रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, नव्याने वेदना किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवायला यायचे, असे मला लेखी दिलेले आहे.